लगामाची कडी आणि अव्वल कारकून

विलायतेस मनुष्य ज्ञानार्जनासाठी जातो, द्रव्यार्जनासाठी जातो, निदान परत आल्यावर विलायतेविषयी बोलता यावे म्हणून तरी जातो. माझ्या जाण्याला यांपैकी एकही सबळ कारण नव्हते. लेस्टरला राहणाऱ्या भाच्याने निमंत्रण धाडले होते ते त्याच्या मामीला, आणि मामीच्या मूळ अर्जासोबतचे जोडपत्र म्हणून मी रवाना झालो. माझी उभी हयात मामलेदार कचेरीत गेली, अव्वल कारकुनापर्यंत चढली आणि तेथेच स्थिरावली, त्यामुळे जोडपत्र होण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. वरून आलेला हुकूम खाली पोचवावा, खालून आलेले गाऱ्हाणे वर पाठवावे, आणि या जाण्यायेण्यात आपला स्वतःचा एक शब्दही मिसळू देऊ नये, ही जी विद्या मी कचेरीत साधली, तिचा उपयोग सेवानिवृत्तीनंतर सातासमुद्रापलीकडे एका घोडीच्या मागे होईल, हे मात्र कोणत्याही ज्योतिष्याने वर्तवले नव्हते.

लंडन पाहिले, मोठे आहे. लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाची कबर पाहिली. १४८५ साली लढाईत पडलेला हा राजा २०१२ साली मोटारी उभ्या करण्याच्या आवाराखाली सापडला, हे ऐकून इंग्रजांच्या दफ्तरव्यवस्थेविषयी बालपणापासून बाळगलेला माझा आदर पुष्कळच उणावला. आमच्या कचेरीत गहाळ झालेले प्रकरण यापेक्षा लवकर सापडते.

पुढच्या रविवारी भाच्याने आम्हांला हिंकली गावाबाहेरच्या एका उन्हाळी जत्रेत नेले. तेथे मुरंब्यांची स्पर्धा होती, बँड होता, आणि मैदानाभोवती भाड्याने फिरणारी एक हॅन्सम गाडी होती. जोसेफ हॅन्सम याने या गाडीचे पेटंट १८३४ साली घेतले आणि ती प्रथम चालवून पाहिली ती याच हिंकलीच्या कॉव्हेंट्री रस्त्यावर. हा गृहस्थ वास्तुविशारद. बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलच्या बांधकामात ठेकेदारांना जामीन राहिला आणि त्यात पुरता बुडाला. पुढे गाडीचा हक्क त्याने दहा हजार पौंडांना विकला, पण त्या रकमेतले काहीच त्याच्या हाती पडले नाही. जामीनकतब्यांवर शेरे मारण्यात ज्याचे तारुण्य खर्ची पडले, त्याला असा मनुष्य परका वाटणे शक्य नव्हते. त्याच्या गाडीत बसणे मला त्याच्या बुडीत येण्याची अंशतः वसुली केल्यासारखे वाटले. हिला वाटले ते एवढेच, की पाय दुखत आहेत.

या गाडीची रचना सांगितल्यावाचून पुढील अनर्थ समजणार नाही. आपल्या टांग्यात लगाम हाकणाऱ्याच्या हातात असतो आणि हाकणारा आपल्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे शिव्या कोणाला द्याव्यात हे उतारूला कळते. हॅन्सममध्ये उतारू पुढे, उघड्या तोंडाच्या पेटीत, आणि गाडीवान छपराच्या मागे उंच बैठकीवर. साहजिकच लगामाचे दोन्ही पट्टे घोडीच्या तोंडापासून निघून, पाठीवरल्या कड्यांतून वर चढून, उतारूच्या डोक्यावरून मागे जातात, आणि ते खाली लोंबू नयेत म्हणून छपराच्या पुढल्या कडेवर दोन कड्यांची एक लोखंडी कमान बसवलेली असते. ती कमान हाकीत नाही, आवरीत नाही, वळवीत नाही. केवळ धरून ठेवते आणि जाऊ देते. तिला पाहताच मला एखाद्या सहकाऱ्याची गाठ पडल्यासारखे झाले.

गाडीवानाला मागे चढवले ते जॉन चॅपमन याने, १८३६ साली. हाही याच परगण्यातल्या लफबरो गावचा, आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या खटपटीस लागून १८४५ साली मुंबईस येऊन, घाट चढून रूळ कसे न्यावेत याची पाहणी करणाराही हाच. ज्याच्या उद्योगामुळे पुढे आमच्या चार पिढ्या खंडाळ्याचा गारवा खिडकीतून खात आल्या, त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवणे मला जड जाते; तरी नोंदवतो.

मैदानाची पहिली बाजू निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या बाजूस वळताना डोक्यावर खट्ट असा आवाज झाला, कमानीचा खिळा निसटला, आणि पट्टे कड्यांत ओवलेले असल्यामुळे ती समग्र कमान त्यांच्यावरून घसरत घोडीच्या पाठीवर जाऊन पडली. पाठीवर लोखंड वाजू लागताच घोडीने चालणे सोडून धावणे पत्करले. दोन्ही पट्टे माझ्या नाकासमोर लोंबू लागले. तोच छपरातली झडप उघडली आणि तीतून एक तांबडा चेहरा म्हणाला, ‘‘साहेब, पट्टे वर उचलून धरा! मात्र ओढू नका!’’

मी गुडघ्यांपुढल्या दोन फळ्यांच्या दारावर पोट टेकून बाहेर वाकलो, दोन्ही हात छपराच्या वर नेले, अंगठा आणि तर्जनी यांच्या दोन कड्या केल्या, आणि त्यांतून लगाम सरकू लागला. मागून राजाज्ञा येत होती, पुढून प्रजेचा असंतोष येत होता, आणि मध्ये माझी कातडी सोलत होती. नोकरीत आणि या कामात फरक इतकाच, की येथे दुपारी चहा येत नव्हता. हात वर केलेला मनुष्य भरधाव गाडीतून बाहेर वाकलेला पाहून जत्रेतल्या मंडळींनी अभिवादन समजून रुमाल हलवले. बँडनेही गत बदलली.

‘‘अहो, डावा हात खाली येतोय तुमचा,’’ ही आतून म्हणाली.

‘‘मला दिसतंय.’’

‘‘दिसतंय तर वर घ्या ना. आणि शिंकू नका. तुमचा चेहरा शिंकेचा झालाय.’’

इंग्लंडच्या उन्हाळ्यात गवताचे पराग हवेत उडतात आणि ते नाकात गेले की काय होते, याविषयी सरकारने विमानतळावर सूचना लावावयास हवी. मी शिंकलो. डावी कडी आवळली गेली, घोडीने तो हुकूम समजून डावे वळण घेतले, आणि आम्ही मैदानाचा दोर तोडून मुरंब्यांच्या तंबूच्या दिशेने निघालो. उभ्या आयुष्यात मी स्वतंत्र बुद्धीने काढलेला हा एकच हुकूम, आणि त्याची अंमलबजावणी इतक्या तत्परतेने व्हावी, याचा मला आजही संताप येतो. ज्या खात्यात तीन स्मरणपत्रांवाचून कागद हलत नसे, त्या खात्यात ही घोडी का नव्हती?

तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात वर आला आणि डावा पट्टा त्याने माझ्याकडून काढून घेतला. हिची बोटे संधिवाताने वळली आहेत. त्यांनी घरातल्या बरणीचे झाकण उघडत नाही, म्हणून ती मला हाक मारते, आणि मी हातातले पान वाचून झाल्यावर उठतो. त्या बोटांतून पट्टा न अडखळता सरकू लागला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या हाताने तिने माझ्या कोटाचा मागचा पदर घट्ट धरून ठेवला होता, तो कधीपासून, हे मला माहीत नाही. लगाम दोन्ही बाजूंनी सारखा ताणला गेला, घोडी तंबूच्या खुंटीपाशी थबकली, आणि पहिल्या क्रमांकाचा मुरंबा बचावला.

आता उतरावे म्हटले तर दारे उघडेनात. हॅन्समच्या दारांची कळ गाडीवानाच्या हाती असते, आणि भाडे छपरातल्या झडपेतून वर पोचल्यावाचून तो ती सोडत नाही. वसुलीची इतकी निर्दोष पद्धत आमच्या महसूल खात्यालाही सुचली नव्हती. लंडनमधल्या घोड्याच्या भाडोत्री गाडीचा शेवटचा परवाना १९४७ साली परत केला गेला. आमच्या देशावरचा लगामही इंग्रजांनी त्याच वर्षी खाली ठेवला, पण दाराची कळ त्यांना अजून सोडवत नसावी. झडपेतून पंजा आत आला. मी पाकीट चाचपीत असतानाच हिने मान वर करून स्वच्छ मराठीत सुनावले, ‘‘अहो दादा, कामही आमच्याकडून करून घ्यायचं आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे? निम्मे घ्या.’’

भाषा त्याला कळणे शक्य नव्हते, परंतु मंडईत मुरलेला तो सूर कोणत्याही देशातल्या गाडीवानाला कळावा असा होता. पंजा क्षणभर विचारात पडला, मागे गेला, आणि झडपेशी पुन्हा तो तांबडा चेहरा आला.

‘‘बाईसाहेबांचे तेवढे द्या,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही उतारू नव्हता, साहेब. गाडीचा भाग होता. गाडीच्या भागाला भाडे पडत नाही.’’

इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणत्याही वरिष्ठाने माझ्या कामाची अशी अचूक नोंद घेतलेली नव्हती. हे कृपा करून लेखी द्या, असे मी म्हणणार होतो. पण तोवर कळ सुटून दारे उघडली होती, आणि ही खाली उतरून मुरंब्याचा भाव विचारू लागली होती.