सायटेशन कसे वाढवावे : खंडाळा तालुक्यातील नवशिक्यांसाठी

आधी आजार निवडा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे म्हणून गाईच्या दगडीवर पेपर लिहायचा मोह होईल. आवरा. एखादी गाय बरी झाली की विषय संपला. आजार न संपणारा हवा, आणि त्या बाबतीत अल्झायमरचा हात धरणारा दुसरा नाही.

मात्र खुद्द आलोईस अल्झायमरचा कित्ता गिरवू नका. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात औगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. हा गृहस्थ तिच्या जेवणापाशी बसून प्रश्न विचारी. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मटण. काय खाताय विचारलं, तर ती म्हणाली पालक. हे त्याने जसंच्या तसं टिपून ठेवलं. ती गेल्यावर तिचा मेंदू तपासला आणि 3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत सगळं मांडलं. एकानेही प्रश्न विचारला नाही. एका पेशंटमागे इतकी वर्षं घालवलीत, तर तुमची पदोन्नती कधी व्हायची?

आता एच-इंडेक्स. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो काढला. तुमच्या वीस पेपरांचा प्रत्येकी निदान वीस वेळा कुणीतरी उल्लेख, म्हणजेच सायटेशन, केला, की इंडेक्स वीस. लोणंदच्या बाजारात व्यापारी गोणीत हात घालून कांदा दाबून बघतो, मग बोली लावतो. इथे गोणी उघडायचीच नाही. आधी किती जणांनी नाव घेतलं एवढंच विचारायचं. आकडा वाढवायचे मार्ग सोपे आहेत. एका प्रयोगाचे तीन पेपर पाडा, तिन्हींत एकमेकांचा हवाला द्या. मित्राचं नाव तुमच्या पेपरात, तुमचं त्याच्या. परीक्षकाने 'आमचे पाच पेपर राहिलेत' असं सुचवलं तर वाद नको, पाचही घाला.

निष्कर्ष कसा असावा? सगळ्यांना आधीच पटलेला. 1992 पासून या क्षेत्रात अमायलॉइडचं राज्य आहे : मेंदूत हे प्रथिन साचतं आणि पुढची पडझड त्यातूनच होते, असं म्हणणं. 2006 मध्ये 'नेचर'मध्ये सिल्व्हाँ लेस्ने आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. उंदरांच्या मेंदूतून वेगळं काढलेलं एक विशिष्ट अमायलॉइड धडधाकट उंदरांना टोचलं की त्यांची स्मृती ढासळते, असा दावा. दोन हजारांवर सायटेशन्स! 2022 मध्ये मॅथ्यू श्रॅग या न्यूरॉलॉजिस्टची शंका जाहीर झाली. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रथिनांचे काळे आडवे पट्टे. इथले काही पट्टे कापून जोडल्यासारखे, काही एकमेकांच्या नकलेसारखे दिसत होते. 2024 मध्ये पेपर मागे घेतला गेला. नवशिक्याने घाबरायचं कारण नाही. सोळा वर्षं कुणी पट्ट्यांकडे निरखून पाहिलं नव्हतं, आणि पेपर मागे घेतला म्हणून गूगल स्कॉलर सायटेशन्स परत मागत नाही.

नियतकालिक निवडताना पुण्याकडे लक्ष असू द्या. आपल्या तालुक्यातल्या नायगावच्या लेकीचं, सावित्रीबाईंचं नाव ज्या विद्यापीठाला आहे, तिथून विघ्नं येतात. 2018 मध्ये तिथल्याच भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनीच सुचवलेली 1009 नियतकालिकं तपासली. 88 टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. मग यूजीसीची निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, पैसे घेऊन छापून देणाऱ्या कित्येकांचं दुकान बसलं. दिलासा असा की 2025 मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केली. आता निवड ज्याची त्याने करायची. पैसे भरण्यापूर्वी निदान संपादक मंडळातली माणसं हयात आहेत का, एवढं बघा.

शेवटची अडचण गावातली. वर्तमानपत्रात फोटो आला की खंडाळ्याच्या स्टँडवर कुणीतरी गाठणारच : "सर, आई गॅस बंद करायला विसरते, जेवून पुन्हा ताट मागते. तुम्ही त्यातलेच ना?" इंडेक्स सांगू नका, त्यांना तो ताप वाटेल. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, हे स्पष्ट सांगा. आधी बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा, कारण तिथल्या बिघाडानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. मग साताऱ्याला किंवा पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. आईला एकटीला गॅसपाशी ठेवू नका म्हणावं. पदोन्नतीच्या अर्जात या सल्ल्यासाठी रकाना नाही, तेव्हा एसटी लागेपर्यंत आटोपतं घ्या.