भावनिक कोण झाले?

सरकारने कुणाला चौकशीवाचून तुरुंगात घातले आणि कुणाचा आवाज चढला, की सल्ला ठरलेला : भावनिक होऊ नका, कायद्याचे बोला. सल्ला मान्य. तर मग कायद्याचेच बोलू. आणीबाणीत 'मिसा' या प्रतिबंधक अटकेच्या कायद्याखाली डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालये म्हणत होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती वाट बुजवली. सुनावणीत न्या. खन्नांनी विचारले होते, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीवच घेतला तर? आणीबाणी असेतो त्यावरही इलाज नाही, असे ॲटर्नी जनरल निरेन डे म्हणाले. मनाला धक्का बसतो, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. युक्तिवाद मात्र जागचा हलला नाही. न्या. बेग यांना तर कैद्यांच्या खाण्यापिण्याची सरकारी काळजी जवळजवळ आईच्या मायेची वाटली, आणि तसे त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवले. न्या. यशवंत चंद्रचूडांनी सरकारवरचा भरवसा हिऱ्याच्या लखलखाटात मांडला. माया, भरवसा, हिरे! एवढा गहिवर एकाही मोर्चात सापडायचा नाही. कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला कुणाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हा रुक्ष मुद्दा एकट्या खन्नांनी धरून ठेवला.

भावनेच्या भरात जमाव दगड उचलतो, हा आक्षेप खरा आहे. पण डिसेंबर १९७५मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी लोकांना उभे करून सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, तेव्हा दगड कुणीच उचलला नव्हता. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी अटक झाली. म्हणजे भावना कुचकामी असते, हे निदान सरकारला तरी पटलेले नव्हते.

आणीबाणी जुनी झाली म्हणता? नोव्हेंबर २०२०मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली तळोजा तुरुंगात असलेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामी या कार्यकर्त्याने कोर्टाकडे सिपर आणि स्ट्रॉ मागितली. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरवत नव्हता. एनआयए या तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस घेतले आणि त्या वस्तू आमच्याकडे नाहीत, असे कळवले. या उत्तरात भावनेचा लवलेश नव्हता. सल्लागार मंडळींनी ते नमुना म्हणून जपून ठेवावे. ५ जुलै २०२१ रोजी स्वामी मुंबईच्या रुग्णालयात वारले. जामिनाचा अर्ज तेव्हा उच्च न्यायालयात प्रलंबित होता.