कर्ज विचारता, मग डाव का नाही?

जानेवारी 2023 मध्ये गुजरात पोलिसांनी खासगी सावकारांविरुद्ध मोहीम उघडली. सुरतेसकट राज्यभर लोकदरबार भरले. व्याजाच्या चरकात पिळून निघालेल्या माणसाला चारचौघांत सावकाराचं नाव घेता आलं, हे मोठंच काम झालं. पण कर्जाची तक्रार घेऊन माणूस कुठेही गेला, तरी प्रश्न ठरलेले: कोणाकडून घेतले, किती टक्क्यांनी, फेडले किती? पैसे गेले कुठे, हे विचारायला सगळेच कचरतात.

सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोलीत आपली खानदेशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या लूमवर राबताहेत. आजारपण, लग्न, मंदी ही कर्जाची कारणं खरीच असतात. पण त्यांच्याआड जुगाराचा डाव लपला असेल, तर नव्या कर्जातून जुनं फिटत नाही, पुढचा डाव लागतो. दारू पिणारा गल्लीभर कळतो. मोबाइलवर खेळणारा बायकोलाही कळत नाही.

त्याच्या खात्याचा उतारा मात्र बोलतो. पगार जमा झाला त्याच रात्री 500, मग 1000, पुन्हा 1000, मग 2000. दर वेळी निराळ्याच नावावर, तेही रात्री बारानंतर. मध्येच एखादी मोठी रक्कम आलेली आणि उजाडायच्या आत तीही गेलेली. किराणा आणि दवाखान्याचा खर्च असा दिसत नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 1997 मध्ये जुगाराचं व्यसन ओळखण्यासाठी दोनच प्रश्नांची चाचणी मांडली. दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती लावले, याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर पुढची चौकशी नीट करायची. दोन मिनिटांचं काम आहे.

खाकी वर्दीसमोर ‘हो’ कोण म्हणेल? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही. हे त्याला आधीच सांगा. वरली मटक्याच्या अड्ड्याला मात्र जुना जुगारबंदी कायदा लागू आहे, त्यामुळे तिथे जाणारा पोलिसांना घाबरणारच. म्हणूनच लोकदरबारात समुपदेशकाचं टेबल वेगळं हवं, पोलिसांपासून लांब आणि मराठी बोलणारं.

उचल देणारे शेठ, भिशी चालवणाऱ्या वहिनी, कर्ज काढून देणारे नातेवाईक, तुम्हीही विचारा. ओरडू नका, चारचौघांत विषय काढू नका. मदत जरूर करा, पण रोख हातात देऊ नका: फी शाळेत भरा, भाडं घरमालकाला द्या. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावून द्या. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

जुगाराचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तो न ओळखता केलेली कर्जमाफीसुद्धा डावावरच लागते. पुढच्या लोकदरबारात ते टेबल मांडा. सुरुवात उधन्यापासून करा.