घर घेऊन गेले, संडाससुद्धा!

तुम्हाला कळलं का? पाचोडात कुणाला कळायचं राहिलं असेल असं वाटत नाही, तरी सांगते. आमच्या गल्लीतलं एक चांगलं खातंपितं घर, आठ एकर मोसंबी, ऐन श्रावणात कोकण फिरून आलं. बागेत फळगळ चालू, झाडाखाली सडा पडलेला, आणि मालक, म्हणजे भाऊजी, वहिनींसकट दर्यावर! बरं, गेले तर गेले. सोबत घर घेऊन गेले. चाकांवरचं.

त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. काकू म्हणतात, पडदे लावलेला टेम्पो. काकूंचं फारसं चुकत नाही, बऱ्याच कॅरॅव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरच्याच पोटातली बाकडी काढून केलेल्या असतात. आत काय नाही? पलंग, ओटा, फ्रिज, आणि इथं काकूंनी पदर तोंडाला लावला, ओट्यापासून दोन हातांवर संडास.

"भाकर इकडं थापायची आन् बसायचं तिकडं? बया बया!"

दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. टाकी कुठं उपसली, हा खरा प्रश्न. वहिनींनी समजावलं की 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलंय, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले कॅरॅव्हॅन पार्क त्यात आहेत. आक्का म्हणाल्या, "तुम्हाला गावला का मंग एखादा?" वहिनी एकदम चहा टाकायला आत गेल्या. आम्ही समजायचं ते समजलो.

जाताना नीट गेले, येतानाच खूळ घुसलं. गणपतीपुळ्याहून निघालं की चिपळूण गाठावं, कुंभार्ली घाट चढावा, पुणं-नगर करत शेवगाव-पैठणवरून घरी यावं, शहाण्या माणसाचा हा रस्ता. हे निघाले किनाऱ्याकिनाऱ्यानं. कारण काय, तर लेकीनं मोबाइलवर रील पाहिलं होतं. सागरी महामार्ग म्हणे! रेवसपासून रेड्डीपर्यंत सुमारे 500 किलोमीटर, माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या स्वप्नातला. खाड्यांवरचे काही पूल मात्र अजून व्हायचेच आहेत, म्हणून मध्ये मध्ये गाडी फेरीबोटीवर चढवायची. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला. घर टेम्पोत, टेम्पो बोटीत, बोट खाडीत. भाऊजींनी आयुष्यात पाण्यावर चालवलेलं एकच वाहन, ते म्हणजे शेततळ्यातला थर्माकोलचा तराफा. ओल्या उतारावरून गाडी बोटीवर घालताना त्यांनी नाथमहाराजांना काय काय कबूल केलं, ते वहिनींनी पुरतं सांगितलं नाही. पैठणला एक खेप नक्की आहे, एवढं कळलं.

आणि पाऊस! आपल्या जिल्ह्यात वर्षभरात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही मनात आलं तर. रत्नागिरीकडे तीन हजारांच्या वर. म्हणजे आपली चार वर्षं त्यांच्या एका पावसाळ्यात. "देखावा कसा होता?" मी विचारलं. तर काचा बंद, आत पाच माणसं, शेगडीवर चहा, सगळ्या खिडक्यांवर वाफ. समुद्र टॉवेलनं पुसून पुसून बघावा लागत होता. मग तो टॉवेल वाळेना. मग गाडीत दोरी बांधली, तिच्यावर कपडे आले, आणि समुद्र भाऊजींच्या बनियनच्या मागं गेला. पावसाळ्यातला तो निळाही नसतो, मातकट असतो. पण वहिनी हरखल्या होत्या. "पलीकडचा काठच दिसत नाही!"

"नाथसागराचा तरी कुठं दिसतो?" काकू म्हणाल्या. "आन् त्या धरणाला 27 दरवाजे हायेत. तुमच्या समुद्राला किती?"

याला वहिनींकडे उत्तर नव्हतं.

ताम्हिणी घाटात म्हणे धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग मोठी. एका वळणावर मांडणीचं दार उघडलं, स्टीलची ताटं संडासाच्या दारापर्यंत घरंगळत गेली. ती ताटं आता घरात घ्यायची की नाही, यावरून सासू-सुनेचं बोलणं अजून बंद आहे.

मला काय गंमत वाटते सांगू? घर घेऊन फिरणं आपल्याला नवं नाही. आषाढीला नाथांच्या पालखीमागं दिंडीचा ट्रक जातोच की: भांडी, शेगडी, ताडपत्री, तांदळाची पोती आणि सगळ्यांच्या वर आजी. पाटोदा, परांडा, करकंब करत पंढरीपर्यंत भर पावसात. आजवर कुणी त्याचं रील पाहून हुरळलं नाही. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या गाड्या निघतात, त्यांत चूल असते, शेळी असते, पाळणा असतो. पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारी पाचटाची कोपी. मुकादमाची उचल घेऊन निघालं की ती ऊसतोड, बँकेचा हप्ता बांधून निघालं की ते पर्यटन. कॅरॅव्हॅन हा शब्दही आपलाच पाहुणा, फारसीतला कारवान विलायतेला जाऊन टाय लावून परत आलेला. मराठीत त्याला तांडा म्हणतात. वहिनींना सांगून पाहिलं, तांड्यानं फिरून आलात म्हणून. त्यांना आवडलं नाही.

असो. गाडी भाड्याची, दुसऱ्या दिवशी परत करायची, पण भाऊजींना ती मोसंबीच्या मार्केटात मिरवायचीच होती. दिल्लीकडे जाणाऱ्या मालट्रकांच्या मध्ये नेऊन लावली. लिलाव आटपून व्यापारी जमले. चपला काढून एकेक जण आत जाऊन आला. पलंग दाबून पाहिला, फ्रिज उघडून पाहिला. एक जुना अडत्या बराच वेळ बाहेर उभा राहून गाडीची लांबी डोळ्यांनी मोजत होता. शेवटी म्हणाला,

"पलंग काढला तर दोन टन बसंल."

"आन् ती संडासाची खोली?"

"तिथं बारीक माल भरू."