डंबेलशास्त्री

कुणी तरुण व्यायाम सुरू करतोय अशी कुणकुण लागली, की आमचे डंबेलशास्त्री त्याला आरे कॉलनीतल्या छोटा काश्मीर बागेच्या फाटकाशी पहाटेच गाठतात.

"आधी सांग, खोली केवढी?" हा पहिला प्रश्न. वय, छाती, दंड यांची चौकशी नाही. कारण पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड 2.2 मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट. वजन 20 किलो. दहा बाय दहाच्या खोलीत तो आला, की कपाट उघडायचं नाही आणि पाहुण्यांनी यायचं नाही. शास्त्रींच्या खिशात टेप कायम असतो.

मग रॉड-प्लेटची पत्रिका. ऑलिम्पिक रॉडचं टोक 50 मिलिमीटर जाड, घरगुती रॉडचं साधारण निम्मं. "भोक मोजल्याशिवाय लग्न लावलंस, तर जन्मभर खडखडाट!" सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त, पण जाडजूड, आपटल्या की फुटतात. घ्यायच्या त्या बिडाच्या. लॉक विसरायचं नाही. कमरेचा पट्टा? "आधी कंबर तयार कर." हातमोजे? "ते स्कूटरवाल्यांना." पळायचे मऊ बूट? "टाच दबली, की तोल गेला."

"आणि सव्वा किलोच्या प्लेट्सची जोडी आधी घे," हे सांगताना त्यांचा आवाज दाटतो. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोनं गेलं. "एका किलोनं!" शास्त्री असे कळवळतात, की वाटावं तो किलो यांच्याच घरून पोचायचा राहिला होता.

स्वतः शास्त्री काय उचलतात? अद्याप काही नाही. "मनासारखा रॉड बाजारात आलाय कुठे?" भाव, जाडी, लांबी सगळं वहीत टिपलेलं आहे. वह्याच आता दोन हातांनी उचलाव्या लागतात.

ही कॉलनी 1949 साली म्हशींसाठी वसली, त्यामुळे वजन उचलणाऱ्यांची इथे वाण नाही. समोर तबेल्यातला गडी 40 लिटरचा भरलेला कॅन, म्हणजे नुसतं दूधच 41 किलो, एका दमात टेम्पोत चढवतो. शास्त्री मान हलवतात, "पकड चुकली." गडी दुसरा चढवतो. "पाठ वाकली." तिसरा चढवून गडी टेम्पोसकट निघून जातो. शास्त्री हळहळतात, "शिकायची वृत्तीच नाही!"

तरीही रॉड घ्यायला निघालात, तर शास्त्रींना जरूर विचारा. त्यांचा एकही सल्ला खोटा नाही, आणि चार पैसे नक्की वाचतील. मात्र खरेदी उरकली, की सहा महिने छोटा काश्मीरच्या बाजूला फिरकू नका. शास्त्री भेटले, तर रॉड उचलायला वेळ उरायचा नाही.