दंतकवच-मार्जन-मीमांसा

विषय : समोरच्या दातांवर चिनी मातीचे किंवा कॉम्पोझिटचे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे कवच चिकटवतात, ते व्हिनियर. अशा कवचधारी मनुष्याने दवाखान्यात जाऊन दात साफ करून घ्यावेत काय, हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. परंतु पाणी, खड्डे आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते असल्या किरकोळ बाबींत गुंतल्याने तिला या मूलभूत प्रश्नाकडे वळता आलेले नसावे.

पूर्वपरंपरा : १९२८ साली चार्ल्स पिंकस या कॅलिफोर्नियातील दंतवैद्याने चित्रपटातील नटांसाठी अशी कवचे केली. ती तात्पुरती चिकटवलेली असत. चित्रीकरण संपले की हास्यही उतरवून ठेवायचे. पुढे १९५५ साली बुओनोकोर या दंतसंशोधकांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत केला की त्यावर राळ घट्ट बसते हे दाखवले, आणि हास्य टिकाऊ होण्याचा मार्ग खुला झाला.

संशय : दात साफ करणाऱ्या स्केलरचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते. सकाळची विरार फास्ट रोज सोसणाऱ्या देहाला थरथरीचे अप्रूप नाही. परंतु व्हिनियरने पास काढलेला नसतो.

पूर्वपक्ष : लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या आचार्यांचे मत असे की, साफ केल्याने दात ढिले होतात आणि फटी पडतात. अस्सल दातांची ही गत, तर चिकटवलेल्यांचे काय? प्रमाण म्हणून प्रत्येक आचार्य स्वतःच्या एकेका आत्याचे दात सादर करतो.

उत्तरपक्ष : फट आधीपासूनच होती; कीटण निघाल्यावर ती दिसली, इतकेच. राहता राहिले कवच. गुळगुळीत चिनी मातीवर घाण सहसा ठरत नाही, चहाचा डागही बसत नाही. धोका असतो तो हिरडीलगतच्या सांध्याला. तेथे कीटण साचले की हिरडी सुजते, मागे सरकते, सांधा उघडा पडतो आणि कीड कवचाआडून आत शिरते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा कोट घेतला, तोही बुरुजांच्या पायाशी सुरुंग पेरून. सबब, साफसफाई टाळणे म्हणजे शत्रूला सुरुंगासाठी सवड देणे होय.

अपवाद-प्रकरण : मात्र साधन पारखून घ्यावे. थरथरते टोक सांध्यावर टेकले तर कडेचा टवका उडू शकतो. तेथे हलक्या हाताने हत्यार चालवावे. भरड पेस्टने चकाकी ओरबाडली जाते. सोड्याच्या भुकटीचा फवारा कॉम्पोझिटला खरखरीत करतो आणि खरखरीत जागी चहा व मशेरी कायमचे बिऱ्हाड करतात. आम्लयुक्त फ्लोराइड जेल चिनी माती खाते. उदासीन सोडियम फ्लोराइड चालते. ज्या आम्लाच्या कृपेने कवच दाताला चिकटले, तेच पुढे त्याच्या चकाकीवर उठावे, यावर वेदांत्यांनी विचार करावा. वसईची सुकेळी चावताना कवच निघाल्यास दोष सुकेळ्याचा की गोंदाचा, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

निर्णय : दात साफ करावेत, परंतु खुर्चीत आडवे होताच कोणते दात नकली आहेत ते सांगून टाकावे. रंग इतका जुळवलेला असतो की दिव्याखालीही फसगत होऊ शकते, आणि ज्याने दात लपवण्यासाठीच एवढा खर्च केला तो ऐनवेळी तोंड उघडतो, पण बोलत नाही. सुइणीपासून पोट लपवू नये, हा नियम येथेही लागू.

फलश्रुती : जो हे प्रकरण नित्य वाचील आणि दंतवैद्याने सांगितलेली तारीख पाळील, त्याचे हास्य अढळ राहील. जो नुसतेच वाचील, त्याला गाडीत निदान चौथी सीट तरी मिळेल.