फॉरमॅट मारून देणारा

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकून देणारा तरुण प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. तो बहुधा इंजिनिअरिंगला असतो. शाखा कोणती हे कोणी विचारत नाही. सिव्हिलवाल्याने टाकलेली विंडोजही चालते. असेंबल केलेल्या पीसीबरोबर ही जमात वाढली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्राला कंपनीचा माणूस येत नाही, म्हणून भाचा लागतो. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि पुढची दहा-बारा वर्षे या भाच्याची चलती होती.

"स्लो झालाय रे," एवढ्या निरोपावर तो येतो. सगळे घर ज्याला सीपीयू म्हणते तो डबा उघडून रॅमची पट्टी काढतो आणि तिची सोनेरी कडा खोडरबराने पुसतो. हा प्रकार बुवाबाजीचा वाटला तरी त्यात तथ्य आहे: कडेवरचा थर निघाला की मेलेला पीसी कधीकधी खरोखर उठतो. पण एवढ्यावर भागले तर आल्याचे सार्थक होत नाही. दोनचार क्लिक करून तो मान हलवतो आणि निकाल देतो, "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

"काही जाणार नाही ना?"

"डी मधलं काही जात नाही."

हे शंभर टक्के खरे असते. मात्र काकांचे सर्वस्व डेस्कटॉपवर असते आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर, ही गोष्ट फॉरमॅटनंतर उजेडात येते. बॅकअपची चौकशीही तेव्हाच करण्याचा प्रघात आहे.

सीडीवर मार्करने पंचवीस अक्षरांची की लिहिलेली असते. सीडी कोणाची, हे विचारण्याची पद्धत नाही. डिलीट बडवत बायोसमध्ये शिरायचे, बूटला सीडी पहिली लावायची, करारनामा न वाचता एफ८ दाबायचे, सी उडवून पुन्हा करायचा. फायली कॉपी झाल्या की यंत्र रीस्टार्ट होते आणि सीडीवरून सुरू व्हायला कोणतीही कळ दाबा म्हणते. इथे कसोटी लागते. या वेळी काहीच दाबायचे नसते. नवखा दाबतो आणि तोच प्रवास पहिल्यापासून करतो. मुरलेला हाताची घडी घालतो.

मग पडद्यावर ३९ मिनिटे उरल्याचे दिसते. त्याला करण्यासारखे फारसे काही नसते, पण उठताही येत नाही, कारण मध्येच देश, नाव आणि की विचारली जाते. त्याची सारी प्रतिष्ठा या बसण्यावर उभी आहे. पोहे येतात, धाकटीने कॉमर्सला जावे की सायन्सला यावर त्याचे मत घेतले जाते.

पडद्यावर एक्सपीची हिरवी टेकडी उमटली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरे काम इथून पुढे. आवाज नाही, चित्रे फुगलेली, नेट बंद. नेटचा ड्रायव्हर नेटवर आहे. मदरबोर्डची सीडी आवराआवरीत गेलेली आहे. त्यातच काकांची मराठी नोटीस चौकोनांत उमटते, कारण एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार वेगळी खूण करून, सीडी पुन्हा घालून चढवावा लागे. विंडोज कोणीही टाकतो. हे निस्तरतो तो खरा जाणकार.

मोबदला मिळत नाही, कारण तो घरचाच असतो. जबाबदारी मात्र तहहयात. सहा महिन्यांनी प्रिंटर अडला तरी "तू ते टाकल्यापासूनच" असे ऐकावे लागते.

या जमातीत उबुंटूवाल्यांची एक पोटशाखा आहे. उबुंटूच्या सीडी एके काळी फुकट घरपोच येत, त्यामुळे प्रचारकांना तोटा नव्हता. "व्हायरसच लागत नाही," हे त्यांचे सांगणे काका ऐकून घेत आणि टॅली कुठे आहे ते विचारत.

एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला. लॅपटॉप विंडोजसकट येऊ लागले, फॉरमॅटचे काम रीसेटच्या बटणावर आले. आता विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चाही नेहमीचा आधार थांबला. चाळिशीतला भाचा हल्ली फोनवरच सांगतो, "काका, नवीनच घ्या." कोणता घ्यायचा हे ठरवायला रविवारी त्यालाच बोलावले जाते.